पहिल्या नोकरीसाठी पहिला सूट : एक घ्यावा की दोन, तयार की शिवून?

पहिली_पायरी :
नमस्कार. तीन आठवड्यांनी माझी पहिली नोकरी सुरू होतेय. काम ऑडिटचं आहे, म्हणजे आठवड्यातले बरेच दिवस दुसऱ्यांच्या कार्यालयात जाऊन बसायचं. नेमणुकीच्या पत्रात पोशाखाबद्दल दोनच शब्द आहेत, 'बिझनेस फॉर्मल'. माझ्या घरात आजवर कुणी सूट घातलेला नाही. बाबांनी सगळी नोकरी गणवेशात काढली, आईच्या कामात कोटाचा संबंध आला नाही. विचारायचं कुणाला हेच कळेना, म्हणून इथे लिहितोय.

काल एका दुकानात पाच कोट घालून पाहिले. विक्रेता पाचही वेळा 'मस्त बसलाय' म्हणाला. पाचही सारखेच मस्त बसणार नाहीत एवढं मलाही कळतं, पण त्यातला खरा बसलेला कोणता होता ते ओळखता आलं नाही. एक चांगला घ्यावा की तेवढ्याच पैशांत दोन साधे? तयार घ्यावा की शिवून? रंग कोणता? आणि कापडाच्या पट्टीवर 'सुपर १२०', 'सुपर १५०' असं लिहिलेलं असतं ते काय? पहिला पगार व्हायचाय, त्यामुळे चूक परवडणार नाही.

हिशेबनीस :
आधी मनापासून अभिनंदन! मी याच कामात बावीस वर्षं आहे. माझं मत स्पष्ट आहे : आत्ता एकच घ्या. मी रुजू होण्याआधी तीन घेतले होते. गेल्यावर कळलं की आमच्या विभागात कोट फक्त अशिलाकडे जायच्या दिवशी घालतात, एरवी शर्ट-पँट. दोन सूट कपाटात राहिले आणि ते घालायची वेळ आली तोवर माझी कंबर बदलली होती. पहिले पंधरा दिवस तिथले लोक काय घालतात ते डोळे उघडे ठेवून बघा, दुसरा सूट त्यानंतर.

निळीशाई :
हिशेबनीस, तुमचा अनुभव मान्य, पण सल्ला पटला नाही. एकच सूट रोज घातला की तो लवकर संपतो. लोकरीच्या कापडाला दोन वापरांमध्ये किमान एक दिवस विश्रांती लागते. दिवसभर बसून पडलेल्या सुरकुत्या आणि शोषलेला घाम लोकर स्वतःच सोडते, पण वेळ मिळाला तर. मी पहिल्या वर्षी एकच सूट रोज घालत होते. वर्ष संपायच्या आत पँटची बैठक चकाकायला लागली, कोट मात्र नवा होता. कोटाला जोडीदार उरला नाही म्हणून तोही वाया गेला. याचं मला अजून वाईट वाटतं.

हिशेबनीस :
निळीशाई, मग तुमच्याच अनुभवातून मधला मार्ग निघतो. एक कोट आणि त्याच कापडाच्या दोन पँट. आधी झिजते ती पँट. मांडी, बैठक, खिशाची कड, सगळं घर्षण तिथेच. कोट कार्यालयात गेल्यावर बराच वेळ खुर्चीवर नाहीतर खुंटीवर असतो.

निळीशाई :
हे मान्य. दोन पँट मिळत असतील तर एका सूटवर काही महिने निघतील.

धावदोरा :
मी चौतीस वर्षं शिलाईकाम करतोय, त्यातली बरीचशी कोट दुरुस्त करण्यात गेली. चर्चा सुरू करणाऱ्याचा खरा प्रश्न 'कोणता बसला होता ते ओळखता आलं नाही' हा आहे. बाकी सगळं नंतर, म्हणून आधी याचंच उत्तर देतो.

कोट बघायचा तो खांद्यापासून. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याचं हाड संपतं तिथेच संपली पाहिजे. खांदा मोठा झाला तर बाहीच्या वरच्या बाजूला खळगा पडतो. लहान झाला तर दंड बाहीला आतून ढकलतो आणि फुगवटा दिसतो. खांदा चुकलेला कोट कितीही आवडला तरी परत ठेवा. तो बदलायचा म्हणजे बाही काढायची, मुंढा (बाही जोडतात तो घेर) पुन्हा कापायचा, अस्तर उसवायचं, आतला पॅड हलवायचा. एवढं करूनही कोट पहिल्यासारखा होत नाही.

दुसरी गोष्ट कॉलर. शर्टाच्या कॉलरला कोटाची कॉलर मागून टेकलेली हवी. हात पुढे करा, टेबलावर लिहितोय असे बसा, आणि कुणालातरी मागून बघायला सांगा. मध्ये फट पडली तर तो कोट तुमच्या पाठीच्या घडणीचा नाही.

तिसरी गोष्ट लांबी. कोटाने बैठक झाकली पाहिजे. लांब कोट आखूड करता येईल असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. खिसे आणि बटणं जागेवरच राहतात आणि खालचा भाग तोकडा होतो, की कोटाचा सगळा तोल जातो.

आता काय बदलता येतं ते. बाहीची लांबी, कोटाची कंबर, पँटची कंबर, पँटची उंची, मोहरी म्हणजे पायाचा खालचा घेर. या पाचांची चिंता करू नका. फक्त आत माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, किती ठेवली आहे ते उलटून बघा. पँटच्या मागच्या शिवणीत दोन बोटं माया असेल तर पुढे कंबर सोडवता येते. माया नसेल तर आम्ही फक्त घट्ट करू शकतो, सैल करता येत नाही.

पहिली_पायरी :
धावदोरा काका, हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण 'हाड संपतं तिथे' हे आरशात कसं ओळखायचं? पॅडमुळे सगळेच खांदे सरळ दिसत होते.

धावदोरा :
भिंतीला बाजू लावून उभा राहा आणि हळूहळू भिंतीकडे सरक. आधी दंड टेकला तर खांदा बरोबर आहे. दंडाआधी पॅड टेकला तर कोट मोठा आहे. आरशापेक्षा भिंत बरी.

मुक्तछंद :
भिंतीची युक्ती जबरदस्त आहे. बावीस वर्षांवाल्यांनीही करून बघावी.

हिशेबनीस :
केली. तीनपैकी एका कोटाचा पॅड आधी टेकला. उद्या बायकोला दाखवतो.

काटकोन :
सुपर आकड्यांबद्दल मी लिहितो, कारण मी त्यातच फसलो. पहिल्या पदोन्नतीनंतर सूट घ्यायला गेलो, 'आकडा जितका मोठा तितका सूट चांगला' असं सांगण्यात आलं, आणि मी सुपर १५० घेतला. हातात धरल्यावर रेशमासारखा वाटत होता. रोज प्रवास, खांद्यावर लॅपटॉपची पिशवी. वर्षभरात खांद्यावर पट्ट्याची रेघ उमटली आणि कोपरं चकाकायला लागली.

नंतर नीट वाचलं. आंतरराष्ट्रीय लोकर वस्त्र संघटनेने हे आकडे बांधून दिले आहेत आणि ते फक्त लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते सांगतात. सुपर १०० म्हणजे लोकरीच्या तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पुढे प्रत्येक दहाला अर्धा मायक्रॉन कमी होतो. सुपर १२० ला १७.७५, सुपर १५० ला १६.२५. म्हणजे मोठा आकडा तलम, मऊ आणि महाग, पण रोजच्या घर्षणाला नाजूक. कापड किती घट्ट विणलंय, सुताला पीळ किती, वजन किती, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. रोज घालायच्या सूटला १०० ते १२० पुरे. हे आधी कळलं असतं तर तो सूट आज माझ्याकडे असता.

धावदोरा :
काटकोन यांना पूर्ण अनुमोदन. त्यात एवढंच घालतो, आकड्याऐवजी वजन विचारा. एका मीटरला सुमारे २५० ते २८० ग्रॅम भरणारं कापड बाराही महिने चालतं. त्याहून बरंच हलकं घेतलं तर उकाड्यात बरं वाटतं, पण पँटला इस्त्रीची धार टिकत नाही आणि गुडघ्याला पोचे येतात. विकत घेण्याआधी कापडाचं टोक मुठीत घट्ट आवळून दहापर्यंत मोजा आणि सोडा. चुण्या आपोआप उलगडल्या तर कापड चांगलं.

बाकावरचा :
टेरीवूलबद्दल, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या लोकरीबद्दल, कुणी बोललं नाही. मला गर्दीच्या प्रवासात दीड तास उभं राहावं लागतं. शुद्ध लोकर मला परवडली नाही आणि टेरीवूलच्या सूटने मला पाच वर्षं साथ दिली. चुरगळत नाही, भिजलं तर लवकर वाळतं. पहिल्या नोकरीत असलेल्याला शुद्ध लोकरच हवी असं सांगून घाबरवू नये.

काटकोन :
बरोबर आहे तुमचं. घाबरवायचा हेतू नव्हता. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पॉलिएस्टर जसजसं वाढतं तसतसा तो गुण कमी होतो. पण अर्धी लोकर असलेला नीट बसलेला सूट हा खांदे उतरलेल्या शुद्ध लोकरीपेक्षा केव्हाही चांगला.

धावदोरा :
टेरीवूलला एकच पथ्य. तापलेली इस्त्री थेट लावायची नाही, वर ओलसर सुती फडकं टाकायचं. थेट इस्त्रीने आलेली चकाकी जात नाही. लोकरीलाही हाच नियम.

बाकावरचा :
पावसाची एक गोष्ट सांगतो. टेरीवूलच्याही आधीचा माझा पहिला सूट मुलाखतीच्या दिवशी नखशिखांत भिजला. वाळल्यावर छातीवर आणि कॉलरच्या पट्टीवर बारीक बुडबुडे आले, भिंतीचा रंग फुगतो तसे. मला वाटलं कापड खराब. ते दुकान काही ऐकून घेईना. मुलाखत चांगली झाली, नोकरी लागली, पण रुजू व्हायच्या दिवशी घालायला सूट नव्हता. तेव्हा खूप लागलं होतं ते. ते बुडबुडे कशाने येतात?

धावदोरा :
तो चिकटवलेला कोट होता, धंद्यात त्याला फ्यूज्ड म्हणतात. कोटाची छाती उभी राहावी म्हणून कापड आणि अस्तर यांच्यामध्ये एक तिसरा थर असतो. स्वस्त कोटात हा थर उष्णतेने चिकटवतात. पाणी, वाफ, वारंवार ड्रायक्लीन यांनी गोंद जागोजागी सुटतो आणि बुडबुडा येतो. तो पुन्हा चिकटवला तरी फार टिकत नाही. जुन्या पद्धतीत तिथे कॅनव्हास टाक्यांनी बसवतात. सुती किंवा लोकरीचं जाडसर कापड, त्यात घोड्याचे केस विणलेले. तो थर कापडाबरोबर हलतो आणि घालून घालून अंगाचा आकार घेतो. पूर्ण कॅनव्हास महाग पडतो. मधला प्रकार अर्ध्या कॅनव्हासचा : छाती आणि लेपल (कॉलरखालची उलटी दुमडलेली पट्टी) टाक्यांची, खालचा भाग चिकटवलेला.

ओळखायचं असं. खालच्या बटणाजवळ कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा आणि बाहेरचं कापड व आतली बाजू अलगद वेगळी करा. मध्ये सुटा हलणारा तिसरा थर लागला तर पूर्ण कॅनव्हास. तिथे न लागता वर छातीशी लागला तर अर्धा. कुठेच न लागता बाहेरचा थर पुठ्ठ्यासारखा जाड लागला तर चिकटवलेला. चिकटवलेले सगळेच वाईट नसतात, हल्लीचा गोंद बराच सुधारलाय. पण पावसात छत्री विसरू नका.

बाकावरचा :
इतक्या वर्षांनी कारण कळलं. आभार.

सायंछाया :
चर्चा वाचतेय आणि आनंद होतोय, पण इथे सगळे पुरुषांच्या कोटाबद्दल बोलताय. आमच्या कोटांचे प्रश्न वेगळे आहेत. एक म्हणजे खिसे. बाहेरून खिशाची पट्टी असते, आत काहीच नसतं, आणि आतला छातीचा खिसा बहुतेक कोटांत नसतोच. दिवसभर ओळखपत्र, पेन, फोन हातात घेऊन फिरायचं. मी आता विकत घ्यायच्या आधी प्रत्येक खिशात बोट घालून बघते. आणि शिवून घेताना पहिली अट आतल्या खिशाची.

दुसरं म्हणजे छाती. तयार कोट बटण लावल्यावर छातीवर ताणतो, म्हणून मोठा घ्यावा तर खांदे उतरतात. मी कित्येक वर्षं बटण न लावता कोट घातला आणि मनात समजूत करून घेतली की आपलं शरीरच चुकीचं आहे. एका शिंप्याने दोन उभ्या शिवलेल्या चुण्यांची जागा बदलून दिली तेव्हा कळलं की कोटच चुकीचा कापलेला होता. नव्याने नोकरी सुरू करणाऱ्या मुलींना हे सांगावंसं वाटतं. तुम्हाला न बसणारा कोट म्हणजे तुमचा दोष नाही.

निळीशाई :
सायंछाया, शब्दाशब्दाला +१. आणि बायकांनी पँटसूट घालणं ही गोष्टसुद्धा किती अलीकडची आहे! अमेरिकेच्या सिनेटच्या सभागृहात स्त्रिया पँट घालून वावरू लागल्या त्या १९९३ मध्ये. बार्बरा मिकुल्स्की आणि कॅरोल मोझली ब्राउन या दोघी सिनेटर पँट घालूनच गेल्या आणि मग तिथला दंडक बदलला. आपण आज सहज घालतो त्यामागे कुणीतरी आधी नजरा झेललेल्या आहेत.

धावदोरा :
सायंछाया ताई, तुमचं म्हणणं बरोबर. बायकांच्या तयार कोटात मायासुद्धा कमी ठेवतात. छातीवर बसेल असा घ्यावा आणि खांदा किंचित मोठा वाटला तर कंबर-पाठ आत घ्यावी, हा एकच अपवाद मी खांद्याच्या नियमाला करतो. पण खांदा अर्ध्या बोटाहून जास्त उतरत असेल तर शिवूनच घ्या. त्यात तुमचे पैसे वाचतील.

दोन_चाकं :
मी चाकाची खुर्ची वापरते. सूटवरच्या कुठल्याही सल्ल्यात माणूस उभाच असतो, म्हणून बसलेल्या माणसाची बाजू लिहिते. 'कोटाने बैठक झाकली पाहिजे' हा नियम मला लागू नाही. लांब कोट मांडीवर गोळा होतो आणि पोट असल्यासारखं दिसतं. मी कोट आखूड शिवून घेते आणि मागचा पल्ला खुर्चीत दबणार नाही एवढाच ठेवते. पँट मागून उंच, पुढून किंचित खाली, म्हणजे वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही. उंची उभ्या मापापेक्षा जास्त, कारण बसल्यावर पँट वर सरकते. मागचे खिसे काढूनच टाकते, त्यांच्या शिवणी दिवसभर टोचतात. बाह्यांना खालून चाकाचा घास लागतो, तिथे आतून जादा पट्टी लावली आहे. माझ्या शिंप्याने पहिल्यांदा खुर्चीत बसवून माप घेतलं तो दिवस मी विसरणार नाही. आणि खरं तर ऑडिटवाल्यांनीही बसूनच बघावं, तुमचाही दिवस खुर्चीतच जातो की.

धावदोरा :
ताई, मागचा पल्ला आणि पँटची मागची उंची यांचं मी पुढच्या वेळी लक्षात ठेवणार. एक आजोबा येतात माझ्याकडे, त्यांच्यासाठी हेच करायला हवं होतं. मनापासून धन्यवाद.

पहिली_पायरी :
दोन_चाकं ताई, काल मी एकही कोट घालून बसून पाहिला नव्हता. आता बसूनच बघणार.

मुक्तछंद :
मी वेगळा सूर लावतो. मुळात सूट हवाच कशाला? गोल्डमन सॅक्ससारख्या बँकेने २०१९ मध्ये पोशाखाचे नियम सैल केले. उकाड्यात कोट घालून माणसं घामाघूम होतात आणि मग ती वातानुकूलन वाढवतात. काम डोक्याने होतं. वीस वर्षांच्या मुलाला पहिला पगार व्हायच्या आत कर्ज काढून कोट घ्यायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

हिशेबनीस :
मुक्तछंद, तत्त्वाने तुमच्याशी सहमत. पण पत्रात 'बिझनेस फॉर्मल' लिहिलंय. पहिल्या दिवशी सगळे कोटात आणि आपण एकटेच शर्टात, ही अवस्था मी एका नव्या मुलाची पाहिली आहे. दिवसभर तो कोपऱ्यात बसला, कुणाशी बोलला नाही. कोट असता तर तो काढून खुर्चीला लावता आला असता. नसलेला घालता येत नाही.

मुक्तछंद :
हा मुद्दा पटला. पण कर्ज काढू नये यावर मी ठाम आहे.

पानगळ :
कर्ज काढायची गरजच नाही. माझा पहिला सूट वापरलेला होता. चुलत भावाचं वजन वाढलं, त्याने दिला, मी शिंप्याकडून अंगाला लावून घेतला आणि तीन वर्षं वापरला. वापरलेला सूट घेताना एवढं बघा. पँट उजेडासमोर धरा, मांड्यांच्या मध्ये आणि बैठकीत कापड विरलं असेल तर लगेच दिसतं. कसर लागलेली असेल तर बारीक भोकं दिसतात, ती कॉलरच्या मागे आणि खिशाच्या झाकणाखाली जास्त असतात. काखेत अस्तर फाटलेलं चालेल, ते बदलता येतं. कापड विरलेलं चालणार नाही. आणि घरी आणल्यावर आधी ड्रायक्लीन, मगच कपाटात. कसर अळीच्या रूपात लोकर खाते आणि घामाचे, तेलकट डाग पडलेलं कापड तिला जास्त आवडतं.

सायंछाया :
पानगळ, उजेडासमोर धरायची गोष्ट नव्या सूटलाही लावायला हवी. किती विरळ विणलंय ते लगेच कळतं.

निळीशाई :
रंगाचं उत्तर राहिलं. गडद निळा. काळा घेऊ नका, दिवसाच्या उजेडात तो निर्जीव दिसतो आणि त्यावर धूळ, कोंडा, धागे सगळं उठून दिसतं.

काटकोन :
माझं मत गडद राखाडीला. निळ्याइतकाच सगळीकडे चालतो आणि त्याची पँट वेगळी घालता येते. पण पहिला एकच घ्यायचा तर निळा, इथे वाद नाही. रेघा, चौकडी काही नको. साध्या रंगाचा सूट आठवड्यात दोनदा घातला तरी कुणाच्या लक्षात राहत नाही, चौकडीचा पहिल्याच दिवशी लक्षात राहतो.

हिशेबनीस :
बूट विसरू नका. तपकिरी किंवा काळे, पट्टा त्याच रंगाचा. सूटपेक्षा बुटात आखडता हात घेणारे पुष्कळ पाहिलेत, आणि अशिलाकडे दिवसभर जिने चढताना पाय बोलतात.

बाकावरचा :
आणि दोन बटणांच्या कोटाचं फक्त वरचं बटण लावायचं, खालचं कधीच नाही. बसताना वरचंही सोडायचं, नाहीतर बटणाच्या दोन्ही बाजूंना ताण येतो.

पहिली_पायरी :
सगळ्यांचे खूप खूप आभार. एक शंका. तीन आठवडे आहेत, त्यात शिवून होईल का?

धावदोरा :
होईल, पण मी सुचवणार नाही. नीट शिवायचा कोट म्हणजे माप, कापणी, कच्च्या टाक्यांवर पहिली ट्रायल, दुरुस्ती, मग दुसरी ट्रायल. घाईत ट्रायल गाळतात आणि तीच सगळ्यात महत्त्वाची असते. तू तयार घे, खांदा-कॉलर-लांबी बघून, आणि बाकीचं अंगाला लावून घे. त्याला आठवडा पुरतो. शिवायचा तो दुसरा सूट शिव, सवडीने, स्वतःच्या पगारातून.

आणखी एक. बाहीच्या बटणांची काजं खरी कापलेली आहेत का ते बघ. कापलेली असतील तर बाही खालून आखूड करता येत नाही, वरून मुंढ्यातून करावी लागते, ते काम मोठं आहे. बंद काजांचा घे. बाही एवढी ठेवायला सांग की हात खाली सोडल्यावर शर्टाचा कफ एक-दीड सेंटिमीटर दिसेल.

पानगळ :
अवांतर : ड्रायक्लीन दर आठवड्याला करू नका. मऊ ब्रशने वरून खाली झटकायचा, रुंद खांद्यांच्या हँगरला लावायचा, रात्रभर कपाटाबाहेर मोकळ्या हवेत ठेवायचा. डाग पडला किंवा वास यायला लागला तरच धुवायला. आणि देताना कोट आणि दोन्ही पँट एकदमच द्यायच्या, नाहीतर धुऊन धुऊन एकीचा रंग फिका पडतो आणि सूटचा सूट राहत नाही.

निळीशाई :
पानगळ, 'दोन्ही पँट एकदम' हे मी वर लिहायला हवं होतं. माझ्या पुढच्या सूटची दुसरी पँट अशीच वेगळी पडली.

पहिली_पायरी :
मंडळी, दहा दिवसांनी परत आलो. सूट घेतला! गडद निळा, सुपर ११०, अर्धा कॅनव्हास. चिमटीत धरून तिसरा थर शोधला तेव्हा विक्रेता माझ्याकडे बघतच राहिला. त्यानंतर तो खूप मनापासून दाखवायला लागला, तिघा विक्रेत्यांत सगळ्यात जास्त माहिती त्यालाच होती. मागच्या वेळचे पाचही कोट पुन्हा घातले. चार भिंतीपाशी नापास झाले. पाचव्याचा खांदा बरोबर होता पण कॉलरला फट. जो घेतला तो सहावा. त्यात लिहायला बसल्यासारखा बसून पाहिला. दोन पँट मिळाल्या, मागे दोन बोटं माया आहे. बाही आणि कोटाची कंबर शिंप्याकडून करून घेतली. बाबा घालून दाखव म्हणाले, मग बराच वेळ कॉलर नीट करत उभे राहिले.

आता एक प्रश्न. कोटाच्या मागच्या कापावर, म्हणजे खालच्या उभ्या फटीवर, पांढऱ्या दोऱ्याची फुली आहे, बाहीवर कापडाची पट्टी शिवली आहे, आणि बाहेरचे तिन्ही खिसे शिवून बंद आहेत. हे असंच ठेवायचं का?

धावदोरा :
शाब्बास! फुली आणि बाहीवरची पट्टी दोन्ही काढ. फुली वाहतुकीत काप उघडू नये म्हणून असते, पट्टी कापड कुणाचं ते दाखवायला. खिसेही उसव, पण सावकाश. वरवरचा लांब सैल दोरा असतो तोच कापायचा, आतल्या बारीक टिपेला हात लावायचा नाही. दिवसाच्या उजेडात बस. छातीवरचा खिसा उघड. खालचे दोन तुझ्या मर्जीवर. त्यात फोन आणि किल्ल्या भरायची सवय असेल तर बंदच राहू दे, वजनाने कोटाचा घाट बिघडतो.

सायंछाया :
ज्यांना खिसे मिळतात त्यांनी ते उघडावेत!

पहिली_पायरी :
सायंछाया ताईंचं ऐकून तिन्ही उघडले. आतल्या खिशात एक छोटी पिशवी सापडली, त्यात दोन जादा बटणं आणि कापडाचा एक तुकडा.

धावदोरा :
तो तुकडा जपून ठेव. पुढेमागे कुठे ठिणगी उडाली, खिळ्याला अडकलं, तर रफूला त्याच कापडाचे धागे लागतात.